टाचेचा आकडा, गोळ्यांचा डबा आणि दोन वेळचे जेवण

एका ५८ वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेचे पत्र आले आहे. सोसायटीत भरलेल्या मोफत शिबिरात त्यांच्या टाचेला यंत्र लावून हाडांची तपासणी झाली आणि ‘उणे २.१’ असे लिहिलेली चिठ्ठी हातात पडली. त्यांच्या आईचा खुबा वयाच्या ७४ व्या वर्षी न्हाणीघरात पडून मोडला होता, त्यामुळे त्या धास्तावल्या आहेत. पाळी ४७ व्या वर्षी थांबली. साखर सीमारेषेवर आल्यामुळे तीन वर्षांपूर्वी त्यांनी दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत स्वीकारली. वजन ६३ किलोवरून ५२ वर आले आणि साखरही आटोक्यात आली. त्या शाकाहारी आहेत, रोज पाच किलोमीटर चालतात आणि नंतर गॅलरीत काचेआड कोवळ्या उन्हात बसतात. सकाळी उठल्याबरोबर थायरॉईडची, पित्ताची आणि कॅल्शियमची अशा तिन्ही गोळ्या एकदम घेतात. ‘ड’ जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची कॅप्सूल वर्षभर दर आठवड्याला चालू आहे. अमेरिकेतल्या मुलाने कोलॅजेन या प्रथिनाची आणि हाडांसाठीच्या कसल्याशा मिश्रणाची बाटली पाठवली आहे. नणंदेचे म्हणणे असे की गोळ्यांनी मुतखडा होतो (तो त्यांना पूर्वी एकदा झालेला आहे), त्यापेक्षा नाचणी, तीळ आणि पालक खावा. त्या विचारतात : हाडांसाठी गोळ्या घ्याव्यात की आहारावर भर द्यावा, आणि ३१ वर्षांच्या मुलीनेही आतापासूनच कॅल्शियम सुरू करावे का?

ताई,

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट आधीच गृहीत धरलेली आहे. हाडे कमजोर होतात ती कॅल्शियम कमी पडल्यामुळे, आणि आता ते गोळीतून घ्यायचे की ताटातून एवढेच ठरवायचे राहिले आहे, असे तुम्हाला, तुमच्या नणंदेला आणि मुलालाही वाटते. तिघांचे भांडण मार्गाविषयी आहे, निदानाविषयी कोणालाच शंका नाही. मला मात्र तुमचे पत्र वाचताना कॅल्शियमपेक्षा अधिक खटकल्या त्या तीन गोष्टी : तो टाचेचा आकडा, तीन वर्षांत उतरलेले अकरा किलो आणि सकाळची ती तीन गोळ्यांची मूठ.

आधी आकड्याविषयी. हाडांच्या घनतेचे जे निकष जगभर वापरले जातात, ते जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये मांडले. निरोगी तरुण वयातल्या सरासरी घनतेपेक्षा आपली घनता किती खाली आहे, हे त्यातला उणे आकडा सांगतो. उणे १ पर्यंत सर्वसाधारण, उणे १ ते उणे २.५ या दरम्यान घनता कमी झालेली, आणि उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याचा आजार. पण हे निकष डेक्सा या क्ष-किरण तपासणीसाठी आहेत आणि ती प्रामुख्याने कण्याच्या व खुब्याच्या हाडांची केली जाते. टाचेवर ध्वनिलहरी सोडणाऱ्या यंत्राचा आकडा दिसायला तसाच दिसतो, तरी त्याला ही पट्टी लावता येत नाही. त्या चिठ्ठीवरून तुम्हाला आजार आहे असेही ठरत नाही आणि नाही असेही ठरत नाही. (अशा शिबिरांत तपासणीच्या टेबलाशेजारीच पावडरीच्या डब्यांचे टेबल मांडलेले असेल, तर त्या चिठ्ठीचा हेतू काय हे वेगळे सांगायला नको.) तुम्ही डेक्सा मात्र जरूर करून घ्या, कारण आईचा खुबा मोडलेला असणे, पाळी जाऊन अकरा वर्षे होणे आणि वजन एवढे घटणे ही तिन्ही त्यासाठी पुरेशी कारणे आहेत. तिच्यातील किरणांचे प्रमाण छातीच्या साध्या एक्स-रेपेक्षाही कमी असते. पुढे कधी तपासणी पुन्हा करायची झाली तर शक्यतो त्याच यंत्रावर करावी, म्हणजे तुलना खरी होते. आणि घरच्या भिंतीला पाठ टेकवून स्वतःची उंची मोजा. तरुणपणच्या उंचीपेक्षा ती चार सेंटिमीटर किंवा अधिक कमी भरली, तर मणका नकळत दबला आहे का, हे पाहण्यासाठी पाठीचा एक्स-रेही काढावा लागेल.

आता कॅल्शियमविषयी. शरीरात साधारण एक किलो कॅल्शियम असते आणि त्यातले ९९ टक्के हाडांत व दातांत असते. उरलेले अगदी थोडे रक्तात व पेशींत असते, पण हृदय आणि स्नायू चालतात ते त्याच्यावर, म्हणून रक्तातली पातळी शरीर अजिबात ढळू देत नाही. आहारातून आवक कमी झाली की पॅराथायरॉईड ग्रंथीचे संप्रेरक हाडांतून कॅल्शियम सोडवून घेते. हाड हे एकदा बांधून झालेले बांधकाम नसते. त्याचा जुना भाग सतत काढला जातो आणि तिथे नवा घातला जातो. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक ओसरते, तेव्हा काढण्याचा वेग घालण्याच्या वेगापेक्षा वाढतो आणि पहिली काही वर्षे घनता झपाट्याने उतरते. ही उतरण केवळ आवक वाढवून थांबत नाही, कारण बिघाड आवकेत नसून काढणे आणि घालणे यांच्या मेळात असतो.

म्हणून कॅल्शियमच्या गोळ्यांवरचे मोठे अभ्यास एकमेकांविरुद्ध बोलताना दिसतात. फ्रान्समध्ये वृद्धाश्रमांतील ३,२७० स्त्रियांवर झालेल्या, १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० युनिट ‘ड’ जीवनसत्त्व दिल्यावर खुब्याचे अस्थिभंग ४३ टक्क्यांनी कमी झाले. अमेरिकेत ३६,२८२ स्त्रियांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र खुब्याच्या अस्थिभंगांत लक्षणीय फरक पडला नाही, उलट मुतखडे १७ टक्क्यांनी वाढले. विरोध वाटतो तेवढा खरा नाही. फ्रान्समधल्या आजीबाई घराबाहेर फारशा न पडणाऱ्या होत्या, त्यांच्या आहारात कॅल्शियम थोडे आणि अंगात ‘ड’ जीवनसत्त्व त्याहून थोडे होते. अमेरिकेतल्या बहुतेक स्त्रियांना दोन्ही आधीच बऱ्यापैकी मिळत होते. जिथे तूट आहे तिथे गोळी काम करते, आणि जिथे तूट नाही तिथे ती बव्हंशी मूत्रपिंडांना कामाला लावते. तेव्हा तुमच्याकडे तूट आहे का, हे आधी मोजले पाहिजे.

तुम्ही दिवसभराचे खाणे नीट लिहून पाठवलेत, ते बरे केले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार पाळी गेलेल्या स्त्रीला रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. तुम्ही एक दिवसाआड नाचणीची भाकरी खाता. एका भाकरीला पन्नास ग्रॅम पीठ धरले तर त्यातून १७५ च्या आसपास मिळतात, म्हणजे दिवसाला सरासरी नव्वद. तिळाच्या चटणीचा मोठा चमचा सव्वाशे. पोळी, वरण, भाज्या मिळून दीडशे-दोनशे. राहता राहिले ताक. दोन मोठे चमचे दही घुसळून तुम्ही दोन ग्लास ताक करता, म्हणजे त्या दोन ग्लासांत मिळून कॅल्शियम जेमतेम पन्नास; बाकी सगळे पाणी, जिरे आणि मीठ. बेरीज साडेचारशेच्या आसपास जाते. ताक रोज पिते म्हणून दुधाची उणीव नाही, असे आपल्याकडच्या कितीतरी घरांत समजले जाते. ते ताक किती पातळ आहे, हे कोणी पाहत नाही. शिवाय दोन जेवणांच्या मध्ये चालावा म्हणून तुम्ही दुधाचा चहा सोडून कोरा चहा धरलात. साखरेच्या दृष्टीने ते ठीकच होते, पण त्या चहांबरोबर दिवसाचे शंभर-दीडशे मिलीलिटर दूधही गेले.

नणंदबाईंच्या यादीतली नाचणी चांगलीच आहे. तीळही चांगले, पण चमचाभरच खाल्ले जातात, आणि त्यांतले कॅल्शियम दुधातल्याइतके सहज शोषले जात नाही. पालकाचे नाव मात्र या यादीतून काढायला हवे, कारण त्यातले ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते आणि जेमतेम पाच टक्के शोषले जाते, तर दुधातले तीस टक्क्यांच्या आसपास. मुतखडा होऊन गेलेल्या व्यक्तीने हाडांसाठी म्हणून रोज पालक खाणे तर उलटेच आहे. त्याऐवजी मेथी आणि शेवग्याचा पाला घ्या. जेवणानंतर लगेच एक मोठा ग्लास दूध आणि जेवताना वाटीभर घट्ट दही एवढे वाढवले, तरी पाचशेच्या जवळपास भर पडते. दूध पचत नसेल त्यांना दही बहुधा चालते, आणि मासे खाणाऱ्या वाचकांना काट्यासकट खाता येणारी बारीक मासळी हा उत्तम पर्याय आहे. मग उरतात दोन-अडीचशे, आणि त्यासाठी जेवणाबरोबरची एक गोळी भरपूर झाली. तुमच्या पत्रातल्या ‘गोळी की आहार’ या प्रश्नाचे उत्तर म्हणजे ही बेरीज.

पण ताई, मला अधिक बोलायचे आहे ते त्या अकरा किलोंविषयी. वजन उतरते तेव्हा फक्त चरबी उतरत नाही. स्नायू उतरतात आणि थोडे हाडही उतरते, कारण शरीराचा भार कमी झाला की हाडाला मिळणारी चालनाही कमी होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १६० स्थूल, वयस्कर माणसांपैकी बहुतेकांचे वजन सहा महिन्यांत आहाराने उतरवले आणि त्यांना वेगवेगळे व्यायाम दिले. ज्यांनी चालण्यासारखा दमश्वासाचा व्यायाम केला, त्यांच्या खुब्याची घनता ३ टक्के घटली. ज्यांनी वजने उचलली त्यांची अर्धा टक्का आणि ज्यांनी दोन्ही केले त्यांची एक टक्का. तुम्ही तीन वर्षे कमी खाल्ले आणि त्याबरोबर फक्त चाललात. चालणे हृदयाला, साखरेला आणि मनाला चांगले आहे, पण उतरत्या वजनात हाड सांभाळायला ते पुरत नाही.

तुमची जेवणाची पद्धत सोडा, असे मी म्हणणार नाही. साखर आटोक्यात आली हा हाडांचाही फायदाच आहे, कारण मधुमेहात घनता चांगली दिसत असतानाही हाडाचा कस कमी होतो आणि अस्थिभंग अधिक होतात. मात्र १५५ सेंटिमीटर उंचीला ५२ किलो हे वजन योग्य आहे आणि ते यापुढे उतरता कामा नये. दोनदाच जेवायचे असेल, तर त्या दोन जेवणांत दिवसभराची प्रथिने बसली पाहिजेत, आणि तुमच्या यादीत ती बसलेली दिसत नाहीत. हाडाच्या आकारमानाचा जवळजवळ निम्मा भाग प्रथिनांच्या जाळीचा असतो, खनिज त्या जाळीवर बसते. तुमच्या वजनाला किमान ४३ ग्रॅम आणि या वयात शक्यतो पन्नास ते साठ ग्रॅम प्रथिने हवीत. पातळ वरणाच्या वाटीतून मिळतात चार-पाच. म्हणून वरणाऐवजी घट्ट उसळ, पन्नास ग्रॅम पनीर, मूठभर शेंगदाणे किंवा कोरड्या मापाने पंचवीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्या यांतले काहीतरी प्रत्येक जेवणात असू द्या. भाकरी अर्धी कमी झाली तरी चालेल. जास्त प्रथिनांनी रक्त आम्लधर्मी होऊन हाडे झिजतात, असे तुम्ही कुठेतरी वाचले आहे. लघवीतून कॅल्शियम थोडे अधिक जाते हे खरे, पण आतड्यातून शोषणही वाढते, आणि प्रत्यक्ष अभ्यासांत हाडांचे नुकसान दिसलेले नाही. ऑस्ट्रेलियातील साठ वृद्धनिवासांत दूध, दही आणि चीज वाढवून कॅल्शियम व प्रथिने दोन्ही पुरवल्यावर तिथल्या रहिवाशांचे अस्थिभंग ३३ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले आहे, आणि तिथे बाटलीतले काहीच वाढवलेले नव्हते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्या वाचकांनी मात्र प्रथिने डॉक्टरांना विचारूनच वाढवावीत.

आता सकाळची मूठ. कॅल्शियम थायरॉईडच्या गोळीला आतड्यातच अडवते, म्हणून दोहोंत किमान चार तासांचे अंतर हवे. थायरॉईडची गोळी उठल्यावर फक्त पाण्याबरोबर घ्या आणि कॅल्शियमची जेवणाबरोबर. वेळा बदलल्यावर दीड-दोन महिन्यांनी टीएसएच ही थायरॉईडची रक्तचाचणी करून घ्या, कारण आता गोळी अधिक शोषली जाईल आणि वजनही उतरलेले आहे. जुना डोस जास्त ठरू शकतो, आणि थायरॉईडचा डोस जास्त झाला की हाडे वेगाने झिजतात. पित्ताची गोळी किती वर्षे आणि कशासाठी चालू आहे, तेही डॉक्टरांना विचारा. तिच्यामुळे पोटातले आम्ल कमी झाले की कॅल्शियम कार्बोनेट नीट शोषले जात नाही; ती गोळी चालूच ठेवावी लागली, तर कॅल्शियम सायट्रेट बरे, आणि मुतखड्याच्या दृष्टीनेही तेच बरे. खोक्यावरचा १,२५० हा आकडा कार्बोनेटचा असतो, त्यात कॅल्शियम ५००, हेही ध्यानात ठेवा. मुतखड्याची भीती गोळीबाबत थोडी खरी आहे, अन्नातल्या कॅल्शियमबाबत खरी नाही. अन्नातले कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच बांधते आणि खड्याचा धोका कमीच करते.

साठ हजारांची कॅप्सूल आज थांबवा. ती साधारणतः आठ आठवड्यांसाठी दिलेली असते, आणि मग औषधाच्या दुकानात जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षे घेतली जाते. आठवड्याला साठ हजार म्हणजे दिवसाला साडेआठ हजार युनिट होतात, तर दीर्घकाळ घेण्याची वरची मर्यादा चार हजार मानतात. रक्तातील ‘ड’ जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि मूत्रपिंडाचे काम कळण्यासाठी क्रिएटिनिन तपासून घ्या. काही आठवडे कॅप्सूल न घेतल्याने काहीही बिघडत नाही, कारण हे जीवनसत्त्व चरबीत साठलेले असते. फार तहान, मळमळ, बद्धकोष्ठता, गोंधळल्यासारखे होणे ही लक्षणे असतील तर तपासणी लगेच करा. जितके जास्त तितके चांगले, हे इथे चालत नाही : ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट दिले, तेव्हा त्यांचे पडणेही वाढले आणि अस्थिभंगही, असे २०१० मध्ये दिसून आले. गॅलरीतल्या बसण्याने ‘ड’ जीवनसत्त्व मिळत नाही. त्यासाठी लागणारे किरण काचेतून येत नाहीत आणि सकाळी सातच्या उन्हात ते नसल्यातच जमा असतात. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल अशा वेळी, दंड उघडे ठेवून, उघड्यावर वीस-पंचवीस मिनिटे थांबले पाहिजे.

मुलाने प्रेमाने पाठवलेल्या बाटल्यांवरील घटक वाचा. कोलॅजेनवरचे अभ्यास लहान आहेत. ती पावडर संपेपर्यंत घेतली तर अपाय नाही, पण तेच पैसे पनीरवर खर्च झालेले मला अधिक आवडतील. ‘के’ जीवनसत्त्वाबाबतचे निष्कर्ष संमिश्र आहेत आणि रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी औषधे घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. त्या मिश्रणात स्ट्रॉन्शियम हे खनिज असेल तर ती बाटली बाजूला ठेवा. ते हाडात जाऊन बसते आणि कॅल्शियमपेक्षा जड असल्यामुळे डेक्साचा आकडा खोटाच चांगला दाखवते.

व्यायामाची सुरुवात खुर्चीपासून करा : हाताचा आधार न घेता दहा वेळा उठणे-बसणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, जिने चढणे, मग हळूहळू वजने. हे आठवड्यातून दोन-तीनदा, शक्यतो जाणकाराच्या देखरेखीखाली. ऑस्ट्रेलियातच कमी घनतेच्या १०१ स्त्रियांनी आठवड्यातून दोनदा अर्धा तास देखरेखीखाली जड वजने उचलली, तेव्हा आठ महिन्यांत कण्याची घनता २.९ टक्के वाढली. ज्यांनी घरी हलका व्यायाम केला त्यांची १.२ टक्के घटली. डेक्साचा अहवाल येईपर्यंत पाठ गोल करून पुढे वाकणे टाळा, म्हणजे पश्चिमोत्तानासन आणि सूर्यनमस्कारातले पुढे वाकण्याचे आसन नको. मणके कमजोर असतील तर ते त्या वाकण्यानेच दबतात. हाड मोडते ते बहुधा पडल्यावर, त्यामुळे न्हाणीघरात धरायला दांडी, रात्रीचा दिवा, मोतीबिंदूची तपासणी आणि झोपेच्या गोळ्यांचा फेरविचार यांना औषधाइतकेच महत्त्व द्या.

अहवालात उणे २.५ किंवा त्याखालचा आकडा आला, किंवा मणका दबलेला निघाला, तर दूध, उसळ आणि व्यायाम पुरणार नाहीत आणि औषध घ्यावे लागेल. आठवड्याची ॲलेन्ड्रोनेट गोळी किंवा वर्षातून एकदा झोलेड्रोनिक ॲसिड ही जुनी, तपासलेली औषधे आहेत. ॲलेन्ड्रोनेट उपाशीपोटी ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवे व्हायचे नसते, हे पाळले नाही तर अन्ननलिकेला इजा होते. जबड्याच्या हाडाच्या ज्या दुष्परिणामाची धास्ती घातली जाते तो फार क्वचित होतो; दातांची मोठी कामे आधी उरकून घेतली की झाले. दर सहा महिन्यांनी घ्यायचे डेनोसुमॅबचे इंजेक्शन सुचवले गेले, तर ते मध्येच बंद केल्यास मणके मोडू शकतात, म्हणून थांबवण्याची योजना काय, हे सुरुवातीलाच विचारून घ्या. आकडा उणे १ ते उणे २.५ च्या दरम्यान आला, तर आईचा खुबा मोडल्याची माहिती धरून पुढील दहा वर्षांचा धोका मोजणारे फ्रॅक्स हे गणित डॉक्टर करू शकतात. ते भारतासाठीही उपलब्ध आहे.

राहिली मुलगी. तिशीच्या आसपास हाडांची घनता जितकी व्हायची तितकी झालेली असते आणि पुढचे काम ती टिकवण्याचे असते. तिला दिवसाला एक हजार मिलिग्रॅम कॅल्शियम पुरते आणि ते ताटातून सहज मिळते, म्हणून आजच गोळी सुरू करण्याचे कारण नाही. तिनेही तुमच्यासारखी बेरीज एकदा करून पाहावी, वजने उचलावीत आणि लग्नसमारंभाआधी महिनाभरात पाच किलो उतरवण्याचे प्रयोग करू नयेत. तिची पाळी तीन महिन्यांहून अधिक काळ चुकली असेल, किंवा दम्यासाठी अथवा सांध्यांसाठी ती तोंडाने स्टिरॉइड घेत असेल, तर मात्र कॅल्शियमची बाटली विकत घेण्याआधी तिने डॉक्टरांची भेट घ्यावी.